प्रकाशनोत्तर प्रसार : आंतरजालावरील मराठी लेखन वाचकांपर्यंत पोहोचविणारी साधने

गोषवारा

आंतरजालावर लेख प्रसिद्ध करणे आज सोपे झाले आहे. मात्र प्रसिद्ध झालेला लेख योग्य वाचकाच्या हाती पडणे ही स्वतंत्र प्रक्रिया आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेस साहाय्यभूत ठरणाऱ्या साधनांचा परिचय करून दिला आहे. शोधयंत्रास वर्दी देणारी साधने, वाचकाशी थेट संपर्क ठेवणारी साधने, समाजमाध्यमे, स्थायी ओळखक्रमांक आणि मोजमापाची साधने अशा पाच गटांत त्यांची मांडणी केली असून मराठी लेखनापुढील विशेष अडचणींचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशनोत्तर प्रसार, शोधयंत्र, युनिकोड, आरएसएस, समाजमाध्यमे, डीओआय.

१. प्रस्तावना

काही दिवसांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपलाच एक जुना लेख, त्याचे शीर्षक अचूक टंकून, शोधयंत्रावर शोधून पाहिला. लेख सापडला नाही. वास्तविक तो एका संकेतस्थळावर वर्षानुवर्षे उपलब्ध होता, उघडून वाचताही येत होता. परंतु ज्याला त्याचा नेमका पत्ता ठाऊक आहे, त्याच्याखेरीज कोणालाही तो मिळणे शक्य नव्हते. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून' अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे स्थिती उलट होती. आडात पाणी होते, पण पोहरा तेथवर पोहोचत नव्हता.

महाविद्यालयीन अध्यापकांचे बरेचसे मराठी लेखन आज याच अवस्थेत आहे. महाविद्यालयांची नियतकालिके, विभागांची संकेतस्थळे, अध्यापकांच्या व्यक्तिगत अनुदिनी यांतून स्थानिक इतिहास, बोली, शेती, लोकसाहित्य, ग्रामीण अर्थव्यवहार अशा विषयांवरील मोलाचे लेखन प्रसिद्ध होते. त्याचा दुसरा वाचक मिळण्यापूर्वीच ते विस्मरणात जाते. मुद्रित ग्रंथाच्या बाबतीत वितरक, ग्रंथालय, ग्रंथसूची आणि परीक्षणे ही व्यवस्था प्रकाशनानंतरचे काम करीत असे. आंतरजालावर हे काम बव्हंशी लेखकाकडे अथवा संपादकाकडे आले आहे. त्यासाठी कोणती साधने उपलब्ध आहेत, ती कशी चालतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश होय.

२. पूर्वअट : शोधता येणारी अक्षरे

प्रसाराच्या साधनांकडे वळण्यापूर्वी एका मूलभूत गोष्टीचा विचार अगत्याचा आहे. शोधयंत्र अक्षराचा आकार पाहत नाही, तर त्यामागील संकेतांक वाचते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस स्वतंत्र संकेतांक आहेत. तथापि मराठी मुद्रणव्यवसायात दीर्घकाळ जुने टंक वापरले गेले व काही ठिकाणी आजही वापरले जातात. या टंकांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असतात. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात 'मराठी' हा शब्द पडद्यावर नीट दिसतो; परंतु संगणकाच्या लेखी तो ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असतो. 'मराठी' असे शोधणाऱ्या वाचकास तो लेख कसा मिळावा? आरंभी उल्लेखिलेल्या लेखाचे नेमके हेच झाले होते.

याची परीक्षा सोपी आहे. आपल्या लेखाच्या पीडीएफमधील एक ओळ निवडून ती दुसऱ्या कोऱ्या दस्तऐवजात चिकटवावी. देवनागरी उमटली तर ठीक. रोमन अक्षरांची गर्दी उमटली तर लेख युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावाचून कोणतेही प्रसारसाधन उपयोगी पडणार नाही. पानांची केवळ छायाचित्रे असलेल्या पीडीएफचीही हीच गत होते. तिच्यावर अक्षरओळखीची प्रक्रिया करून घ्यावी लागते व निघालेला मजकूर डोळ्यांखालून घालावा लागतो.

युनिकोडमध्येही दोन सूक्ष्म अडचणी राहतात. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन भिन्न संकेतक्रमांनी लिहिता येतो. तसेच 'ॲ' हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वी ते 'अ' वर चंद्र देऊन साधले जाई. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असल्याने साध्या शोधात एक रूप शोधणाऱ्यास दुसरे मिळेलच असे नाही. म्हणून नियतकालिकाने एक पद्धत ठरवून ती सर्वत्र पाळावी, हे श्रेयस्कर.

लेखाच्या पत्त्याविषयीही एक सूचना करावीशी वाटते. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते आणि पत्ता पाठविताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात. परिणामी 'मराठी' या पाच संकेतांकांच्या शब्दासाठी पत्त्यात पंचेचाळीस चिन्हे खर्ची पडतात. असा लांबलचक पत्ता संदेशातून पाठविताना मध्येच तुटण्याची भीती असते. म्हणून शीर्षक मराठीतच ठेवून पत्ता मात्र आखूड रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे ठरते.

३. शोधयंत्रास वर्दी देणारी साधने

शोधयंत्राचे क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात राहतात व वाचलेल्या मजकुराची सूची तयार करतात. ज्या लेखाकडे कोठूनही दुवा जात नाही, तो क्रॉलरला सापडणे कठीण असते. यावर उपाय म्हणून संकेतस्थळाचा नकाशा, म्हणजेच साइटमॅप, पुरविण्याची पद्धत गूगलने २००५ मध्ये सुरू केली आणि २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. एका नकाशात ५०,००० पर्यंत पत्ते देता येतात. महाविद्यालयीन नियतकालिकास एवढी मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या पुरेल. वर्डप्रेस प्रणालीत ५.५ या २०२० मधील आवृत्तीपासून हा नकाशा आपोआप तयार होतो.

गूगलचे सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन या टप्प्यावर विशेष उपयुक्त आहे. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर कोणती पाने सूचीत आली, कोणती का आली नाहीत आणि वाचक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत आले, हे त्यात दिसते. नवा लेख सूचीत घेण्याची विनंतीही त्यातून करता येते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधयंत्रासाठी असेच निराळे साधन आहे. शिवाय बिंग व यांडेक्स यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या इंडेक्सनाऊ या पद्धतीने नवे पान प्रसिद्ध होताच सहभागी शोधयंत्रांना वर्दी देता येते. वर्दी दिली म्हणजे वरचे स्थान मिळालेच, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

स्थान ठरविताना इतर संकेतस्थळांनी दिलेल्या दुव्यांना महत्त्व असते. सर्जी ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीचे हेच सूत्र होते. दुवा म्हणजे एका अर्थी शिफारस होय. विकत घेतलेले दुवे हे शोधयंत्राच्या नियमांविरुद्ध आहेत आणि अध्यापकाच्या प्रतिष्ठेस शोभणारेही नाहीत. याउलट अभ्यासक्रमाच्या वाचनसूचीत, ग्रंथालयाच्या विषयपृष्ठावर, समविषयक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या लेखाचा दुवा असणे पूर्णतः उचित आहे. असे दुवे कमी असले तरी ते टिकाऊ असतात.

४. वाचकाशी थेट नाते : आरएसएस व ई-मेल

शोधयंत्रावरून येणारा वाचक बहुधा एकदाच येतो. त्याने पुन्हा यावे यासाठी दोन जुनी साधने आजही सर्वांत भरवशाची आहेत.

पहिले साधन आरएसएस. १९९९ मध्ये नेटस्केपने आणलेली ही पद्धत २००२ मध्ये २.० या आवृत्तीत स्थिरावली. संकेतस्थळावर नवे लेखन प्रसिद्ध झाले की त्याची नोंद एका ठरावीक फाइलमध्ये होते आणि वाचकाचे फीड-वाचक साधन ती नोंद त्याच्यापर्यंत आणते. यात मध्यस्थाची निवड नसते. वाचकाने जे मागितले तेच, प्रकाशनाच्या क्रमाने, त्याला मिळते. २००५ मध्ये सुरू झालेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तेव्हा आरएसएस संपले असा समज पसरला. तो बरोबर नव्हता. संपले ते एक लोकप्रिय साधन. पद्धत खुली असल्याने ती टिकून राहिली. आजही वर्डप्रेस व ब्लॉगर या दोन्ही प्रणाली अशी फाइल आपोआप तयार करतात. बहुतेक संकेतस्थळांवर तिचा उल्लेखच नसतो, एवढेच.

दुसरे साधन ई-मेल वार्तापत्र. ज्याने स्वतःहून नाव नोंदविले आहे अशा वाचकाला महिन्यातून एकदा नव्या लेखांची शीर्षके, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांचा परिचय आणि दुवे पाठवावेत. हे पत्र नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जाऊ नये यासाठी पाठविणाऱ्या डोमेनची ओळख एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन व्यवस्थांनी पटवून द्यावी लागते. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांसाठी गूगल व याहू यांनी २०२४ पासून या तिन्ही व्यवस्था आवश्यक केल्या आणि एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोयही बंधनकारक केली. महाविद्यालयाच्या पत्रांची संख्या याहून पुष्कळ कमी असली, तरी हे दंडक पाळणे हिताचेच आहे.

येथे संमतीचा प्रश्न येतो. प्रवेशअर्जांतून मिळालेले विद्यार्थ्यांचे पत्ते वा चर्चासत्राच्या उपस्थितीपत्रकावरील ई-मेल वार्तापत्रासाठी परस्पर वापरणे योग्य नाही. माहिती ज्या कारणासाठी घेतली, त्याच कारणासाठी ती वापरावी आणि त्यास संबंधिताची संमती असावी, हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचाही गाभा आहे.

५. समाजमाध्यमे : भाड्याची जागा

फेसबुक, एक्स, लिंक्डइन, व्हॉट्सॲप या माध्यमांमुळे लेख काही तासांत शेकडो लोकांसमोर जाऊ शकतो, हे खरे. दुवा पाठविल्यावर दिसणारे शीर्षक, चित्र आणि परिचयाची ओळ यांसाठी फेसबुकने २०१० मध्ये ओपन ग्राफ ही पद्धत आणली. लेखाच्या पानावर हे तपशील नोंदविलेले नसतील, तर संदेशात नुसता पत्ता किंवा महाविद्यालयाचे बोधचिन्ह तेवढे दिसते आणि वाचक पुढे जात नाही. म्हणून प्रत्येक लेखास स्वतंत्र परिचयओळ व चित्र द्यावे. नंतर दुरुस्ती केल्यास फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या साधनाने जुना तपशील ताजा करून घेता येतो.

मराठी समाजात व्हॉट्सॲपचा प्रभाव मोठा आहे. त्याबरोबर एक दोषही रूढ झाला आहे. संपूर्ण लेख संदेशात चिकटवून पुढे पाठविला जातो आणि दोन-तीन हातांनंतर लेखकाचे नाव गळून पडते. लेख फिरत राहतो, पण तो कोणाचा, केव्हाचा, त्यातील विधानांना आधार काय, हे कोणासच कळत नाही. संशोधनपर लेखनाची याहून मोठी हानी नाही. यास्तव पूर्ण मजकूर न पाठविता चार ओळींचा परिचय, लेखकाचे नाव व मूळ दुवा एवढेच पाठवावे. २०२३ मध्ये सुरू झालेली व्हॉट्सॲप चॅनेलची सोय संस्थांना उपयुक्त आहे. कारण तीत अनुसरण करणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत.

समाजमाध्यम ही भाड्याची जागा आहे, याचे विस्मरण होता कामा नये. कोणाला काय दाखवावे हे तेथील गणिती प्रणाली ठरविते आणि नियम केव्हाही बदलतात. बाहेरील साधनांतून व्यक्तिगत खात्यावर आपोआप लेख टाकण्याची सोय फेसबुकने ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केली. २०२३ मध्ये ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, बाह्य प्रणालींसाठीच्या जोडणीच्या अटी व शुल्क बदलले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या अनेक स्वयंचलित व्यवस्था कोलमडल्या. म्हणून मूळ लेख नेहमी स्वतःच्या संकेतस्थळावर असावा आणि इतरत्र त्याचा परिचय असावा. तोच लेख दुसऱ्या संकेतस्थळावर पूर्ण स्वरूपात द्यावाच लागला, तर मूळ पत्ता कोणता हे शोधयंत्रास सांगणारी कॅनॉनिकल दुव्याची खूण वापरता येते. प्रमुख शोधयंत्रांनी ती २००९ मध्ये मान्य केली आहे.

६. स्थायी ओळख : डीओआय, ओर्किड व संचयिका

प्रसार म्हणजे केवळ आजच्या वाचकापर्यंत पोहोचणे नव्हे; दहा वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकालाही लेख मिळाला पाहिजे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकानंतर उपलब्ध नव्हती. महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्या कंत्राटदाराकडे गेले की जुने दुवे मोडतात, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे.

डीओआय हा लेखाला मिळणारा स्थायी ओळखक्रमांक आहे. पत्ता बदलला तरी क्रमांक बदलत नाही. क्रमांकाशी जोडलेला पत्ता तेवढा अद्ययावत करावा लागतो. क्रॉसरेफचे सदस्यत्व घेऊन नियतकालिकास असे क्रमांक देता येतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी सर्न या संस्थेत २०१३ पासून चालणारी झेनोडो ही संचयिका विनामूल्य डीओआय देते. मात्र लेख तेथे ठेवण्यापूर्वी प्रकाशकाची अनुमती व हक्कांची अट तपासावी. लेखकासाठी २०१२ पासून ओर्किड हा सोळा अंकी क्रमांक उपलब्ध आहे. मराठी नावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जात असल्याने एकाच लेखकाचे लेखन अनेक नावांखाली विखुरते. ही अडचण या क्रमांकाने दूर होते.

गूगल स्कॉलर हे २००४ पासूनचे विद्वत्तापूर्ण लेखनाचे शोधयंत्र आहे. प्रत्येक लेखाची स्वतंत्र पीडीएफ, ५ एमबीहून लहान आकार, मजकूर शोधता येणारा, पहिल्या पानावर ठळक शीर्षक व त्याखाली लेखकाचे नाव एवढी पथ्ये पाळली, तर लेखाची नोंद होण्याची शक्यता वाढते. आपली अनेक नियतकालिके संपूर्ण अंकाची एकच अवजड पीडीएफ ठेवतात. त्यातील चाळीस लेख मग शोधयंत्राच्या दृष्टीने जणू एकच लेख होतात.

याशिवाय इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये आपल्या लेखाचे पान प्रकाशनाच्या दिवशीच जतन करून ठेवावे. त्यास दोन मिनिटे लागतात व खर्च काहीच येत नाही.

७. मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

वाचक कोठून आला हे कळण्यासाठी दुव्याच्या शेवटी यूटीएम नावाच्या खुणा जोडतात. वार्तापत्रातील व व्हॉट्सॲपवरील दुव्यांना निराळ्या खुणा दिल्यास कोणत्या मार्गाने किती वाचक आले हे गूगल ॲनालिटिक्समध्ये वा मॅटोमो या मुक्तस्रोत प्रणालीत पाहता येते. मॅटोमो स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येत असल्याने वाचकांची माहिती बाहेर जात नाही, हा तिचा विशेष.

आकड्यांचा मोह मात्र आवरला पाहिजे. एखादे मापच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, अशा आशयाचा विचार अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील मांडणीशी जोडला जातो. भेटींची संख्या वाढविण्यासाठी शीर्षक भडक करणे, आपापसांत ठरवून एकमेकांचे दाखले देणे, पसंतीची चिन्हे विकत घेणे ही त्या मोहाची फळे आहेत. बोलीविषयक एखाद्या लेखास वर्षभरात चाळीसच वाचक लाभले आणि त्यांतील तिघांनी तो आपल्या प्रबंधासाठी उपयोगात आणला, तर त्या लेखाचा प्रसार यशस्वी झाला असेच म्हणावे लागेल.

८. साधनांचे अल्पायुष्य

गेल्या दोन दशकांत प्रसाराची अनेक साधने आली आणि गेली. स्टंबलअपॉन २०१८ मध्ये थांबले. संकेतस्थळांवर सामायिकीकरणाची बटणे पुरविणारे ॲडधिस ३१ मे २०२३ रोजी बंद झाले. गूगलच्या दुवे आखूड करणाऱ्या सेवेने २०१९ मध्ये नवे दुवे देणे थांबविले व २०२५ मध्ये वापरात नसलेले जुने दुवेही बंद केले. ज्यांनी आपल्या छापील अंकांत असे आखूड दुवे दिले होते, त्यांच्या वाचकांना त्यामागचा लेख मिळण्याची हमी उरली नाही. आरएसएस, ई-मेल, साइटमॅप व डीओआय ही साधने मात्र एका कंपनीच्या मालकीची नाहीत. म्हणूनच ती टिकून आहेत. निवड करताना हाच निकष पुढे ठेवावा.

९. समारोप

वरील विवेचनावरून कामाचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम मजकूर युनिकोडमध्ये व प्रत्येक लेख स्वतंत्र पानावर असावा. प्रकाशनाच्या दिवशी साइटमॅप, सर्च कन्सोल व वेबॅक मशीन यांची कामे उरकावीत. त्या आठवड्यात वार्तापत्र व समाजमाध्यमांतून दुव्यासह परिचय द्यावा. महिनाभरात डीओआय व ओर्किडची नोंद पूर्ण करावी. वर्षातून एकदा जुने दुवे तपासावेत. यांतील बहुतेक कामे विनामूल्य असून त्यांस तंत्रज्ञापेक्षा नियमितपणाची गरज अधिक आहे. ग्रंथपाल, संपादक आणि एखादा संगणकाची आवड असलेला विद्यार्थी एवढे मनुष्यबळ त्यास पुरेसे आहे.

शोधयंत्रे आता दुव्यांच्या यादीबरोबर तयार उत्तरेही देऊ लागली आहेत आणि भाषिक प्रारूपेही आंतरजालावरील मजकुरावरच घडत आहेत. अशा वेळी जे मराठी लेखन यंत्रास वाचता येत नाही, ते त्या उत्तरांतही नसणार. आपल्या परिसरातील एखाद्या नदीविषयी, जत्रेविषयी वा बोलीविषयी उद्याच्या विद्यार्थ्याला काय सापडेल, हे आज आपण आपला लेख कोणत्या अवस्थेत ठेवतो यावर अवलंबून आहे. लेख लिहून पूर्ण झाला, छापून झाला, म्हणजे अध्यापकाचे काम संपले असे मानण्याची सवय आपल्याला आहे. ती बदलण्याची वेळ आली आहे, इतकेच येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. प्रस्तुत लेखकाने आपला तो जुना लेख युनिकोडमध्ये आणून पुन्हा प्रसिद्ध करण्यास दिला आहे. वाचकांनीही आपापल्या एका लेखाची ओळ चिकटवून पाहण्याची परीक्षा आजच करावी, ही विनंती.